औषधी वनस्पतींचें वाळवण आणि मोजमाप



खोकल्यावर अडुळशाचा काढा, तापांत गुळवेल, पोट साफ होण्यास सोनामुखी, हा आपल्या घरांतला जुना परिपाठ आहे. या औषधांविषयीं दोन तऱ्हेचीं मतें नेहमीं कानांवर येतात. एक म्हणतो, “मला तीन दिवसांत गुण आला.” दुसरा म्हणतो, “महिनाभर घेतलें, पण कांहीं उपयोग झाला नाहीं.” पहिला वनस्पतीचें माहात्म्य गातो, दुसरा तिला पोकळ ठरवितो. प्रकृतिभेदानें फरक पडतो हें खरें. परंतु त्या दोघांनीं खरोखर एकच औषध घेतलें होतें काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पुडीवरचें नांव एक असेल, वजनहि एक असेल. तरी एका पुडींत गुणकारी द्रव्य भरपूर आणि दुसरींत त्याचा केवळ मागमूस, असें सहज होऊं शकतें. हा फरक कोठें पडतो आणि तो ओळखावा कसा, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वनस्पतीचें नांव आणि तिचें वजन यांवरून औषधाची मात्रा ठरत नाहीं. ती वनस्पती कशी वाळविली, आणि वाळल्यावर तिच्यांत काय उरलें, हें मोजल्यावांचून मात्रा हा शब्दच अपुरा राहतो.

ही जाणीव आपल्याकडे नवी नाहीं. तेराव्या-चौदाव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या शार्ङ्गधरसंहितेंत औषध किती काळ टिकतें याचा हिशेब दिलेला आहे. वनस्पति वर्षभरानंतर गुणहीन होते, चूर्णाचें सामर्थ्य दोन महिन्यांनीं उणावतें, गोळ्या व अवलेह एक वर्षापर्यंत चालतात, असें ग्रंथकार सांगतो. त्याच ठिकाणीं आणखी एक नियम आहे: कोरड्या द्रव्याऐवजीं ओलें घ्यावयाचें झाल्यास तें दुप्पट घ्यावें. परंतु गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, आस्कंद इत्यादि नऊ वनस्पति मात्र सदैव ओल्याच वापराव्या, आणि त्या दुप्पट करूं नयेत, असा अपवादहि लागलीच जोडला आहे.

दुप्पटीचा हा नियम म्हणजे पाण्याचाच हिशेब होय. ओल्या मुळींत निम्मा भाग पाणी असेल, तर दुप्पट घेतल्यानें कोरडें द्रव्य बरोबर तितकेंच पोटांत जातें. पण हिरव्या पानाची गोष्ट निराळी. त्यांत शेंकडा सत्तर ते ऐंशीं भाग पाणीच असतें. शंभर ग्रॅम पाला वाळवावा तर वीस-पंचवीस ग्रॅम हातीं लागतो. म्हणजे पानाच्या बाबतींत दुप्पट पुरणार नाहीं; चौपट किंवा पांचपट घ्यावें लागेल. एकच नियम मुळीला, सालीला आणि पानाला सारखा लागूं पडत नाहीं, आणि म्हणूनच अपवादांची यादी करण्याची वेळ ग्रंथकारावर आली असावी. ज्या काळीं वैद्य स्वतः रानांत जाऊन वनस्पति आणी, स्वतः वाळवी आणि रोग्याची नाडी पाहून मात्रा कमीजास्त करी, त्या काळीं एवढ्या नियमांवर काम भागत असे. आतां पाला एका प्रांतांत तोडला जातो, दुसऱ्या प्रांतांत त्याचा घन होतो आणि तिसऱ्या प्रांतांतला मनुष्य त्याची गोळी गिळतो. या तिघांची कधीं गांठ पडत नाहीं. अशा वेळीं वैद्याच्या हाताची जागा मोजमापानेंच भरून काढावी लागते.

सोनामुखीची मात्रा थोडी चुकली तर पोटांत मुरडा येऊन भागतें. पण कांहीं वनस्पति अशा आहेत कीं, त्यांच्या बाबतींत ही चूक जिवावर बेतते. डिजिटॅलिस ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. इंग्लंडांतील विल्यम विदरिंग या वैद्यास १७७५ सालीं श्रॉपशायर परगण्यांतील एका वृद्ध स्त्रीजवळचें घराण्यांत चालत आलेलें औषध पाहावयास मिळालें. अंगावरची सूज उतरविण्यासाठीं ती तें देत असे. त्यांत वीस किंवा अधिक पाले होते. परंतु खरें काम डिजिटॅलिसचा पाला करतो, हें विदरिंगच्या ध्यानांत आलें. पुढें दहा वर्षें रोग्यांवर अनुभव घेऊन १७८५ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हृदय दुर्बळ होऊन पायांवर व पोटांत पाणी सांठलेल्या रोग्यांना या पाल्यानें लघवी मोकळी होऊन आराम पडे. पण मात्रा थोडी वाढली कीं उलट्या होत, दृष्टीस हिरवें-पिंवळें दिसूं लागे, नाडी मंद होई आणि रोगी दगावेहि. उपकारक मात्रा व विषारी मात्रा यांत इतकें थोडें अंतर असलेलीं औषधें फार नाहींत. आपल्या बागेंतल्या पिंवळ्या कण्हेरीच्या बियांत याच वर्गांतलीं द्रव्यें असतात, आणि त्या खाल्ल्यानें माणसें मेलेलीं आहेत, एवढें सांगितलें म्हणजे या वर्गाची कल्पना येईल.

विदरिंगचा मोठेपणा असा कीं, त्यानें वनस्पति ओळखून तेथेंच थांबणें पत्करलें नाहीं. ती केव्हां तोडावी, कोणता भाग घ्यावा, कशी वाळवावी, यांचा त्यानें बारकाईनें विचार केला. झाड फुलावर येण्याच्या सुमारास पानें खुडावीं, देंठ व मधली शीर काढून टाकावी, उन्हांत किंवा विस्तवापुढें कथलाच्या थाळींत वाळवावीं, पण करपूं देऊं नयेत, असें त्यानें लिहून ठेवलें. चांगल्या वाळलेल्या पानांची सुरेख हिरवी भुकटी होते आणि तिचें वजन ओल्या पानांच्या पंचमांशाहून किंचित् कमी भरतें, हेंहि त्यानें नोंदविलें. आतां आपण मघांचा हिशेब आठवूं. पानांत शेंकडा ऐंशीं भाग पाणी असेल तर उरणारा भाग पंचमांशच होय. तराजूशिवाय दुसरें साधन जवळ नसतां त्यानें पाण्याचें प्रमाण अचूक गांठलें होतें. या भुकटीची मात्रा त्यानें मोठ्या माणसास दिवसांतून दोन वेळां एक ते तीन ग्रेन अशी ठरविली. एक ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम. एवढ्याशा भुकटींत रोग्याचें बरेंवाईट सांठविलेलें होतें.

वाळवणाला इतकें महत्त्व कां, असें कोणी विचारील. याचें कारण असें कीं, तोडलेलें पान लागलीच मरत नाहीं. त्याच्या पेशींत एन्झाइम नांवाचे कारागीर असतात. पान झाडावर असतांना ते आपापल्या कप्प्यांत राहून काम करतात. पान कोमेजलें कीं कप्पे फुटतात, आणि हे कारागीर जें समोर येईल तें तोडूं लागतात. डिजिटॅलिसच्या गुणकारी द्रव्याच्या रेणूला साखरेच्या कड्यांची एक साखळी जोडलेली असते. पान ओलें राहून सावकाश वाळलें तर एन्झाइम त्या साखळीची शेवटची कडी तोडून टाकतें आणि औषधाची जात बदलते. बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ आर्थर श्टोल यांनीं याच वर्गांतील अखंड द्रव्यें वेगळीं काढण्यासाठीं आधीं या एन्झाइमांना आवरण्याची युक्ति योजिली होती. एन्झाइमाला काम करण्यास पाणी लागतें. पाणी गेलें कीं तें स्वस्थ बसतें. म्हणून ही पानें तोडल्याबरोबर पातळ थर पसरून, साठ अंश सेंटिग्रेडच्या आंतील उष्णतेंत, वाहत्या हवेंत लवकर वाळवितात, आणि ओलावा शेंकडा पांच-सहांच्या आसपास आला म्हणजे घट्ट झांकणाच्या भांड्यांत भरतात. येथें “भरतात” हा शब्दहि महत्त्वाचा आहे. वाळलेल्या पानाला पावसाळी हवा लागली तर तें पुन्हां ओलावतें, आणि झोंपलेले कारागीर पुन्हां जागे होतात.

तर मग लवकर वाळविणें सर्वत्र चांगलें, असा नियम करूं काय? सोनामुखी हा नियम मोडते. सोनामुखीच्या ओल्या पानांत रेचक द्रव्य त्याच्या अंतिम स्वरूपांत फारसें नसतें. त्याचे अर्धेमुर्धे घटक असतात. पानें मंद उष्णतेंत वाळत असतां एन्झाइमांच्याच करणीनें हे घटक जोडीजोडीनें एकत्र येऊन सेनोसाइड नांवाचें द्रव्य बनतें. म्हणजे ज्या कारागिरांना डिजिटॅलिसमध्यें आवरावें लागतें, त्यांना येथें थोडा वेळ काम करूं द्यावें लागतें. कॅस्कॅरा या अमेरिकन झाडाची साल तर तोडल्यावर निदान वर्षभर ठेवून मगच वापरतात. ताजी साल पोटाला फार त्रास देते. उलट ओवा, तुळस, पुदिना यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलांत असतो. तीं कडक उन्हांत टाकलीं तर पाण्याबरोबर तेलहि निघून जातें; अंगणभर सुवास दरवळतो तो औषधाचाच असतो. आणि अडुळशांतील व्हॅसिसीन हें द्रव्य हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून हळूहळू दुसऱ्या द्रव्यांत रूपांतर पावतें. अडुळसा ओलाच वापरावा असें जुन्या वैद्यांनीं कां म्हटलें असावें, याचा एक अर्थ या रसायनांत सांपडतो. याच व्हॅसिसीनच्या रचनेवरून पुढें ब्रोमहेक्सीन हें खोकल्याचें प्रचलित औषध तयार झालें. तात्पर्य, वाळविणें म्हणजे केवळ पाणी काढून टाकणें नव्हे. ती एक रासायनिक क्रिया आहे, आणि प्रत्येक वनस्पतीशीं तिचा करार निराळा आहे.

पाल्यावरून आपण त्याच्या अर्काकडे वळूं. काढा दोन दिवसांत आंबतो, म्हणून तो आटवून घन करण्याची चाल पडली. परंतु काढा जसजसा दाट होतो, तसतशी भांड्याच्या बुडाशीं उष्णता वाढते; पाक लागतो तसा घन लागतो. नाजूक द्रव्यें याच शेवटच्या टप्प्यांत बळी पडतात.

उष्णतेनें औषध कसें हातचें जातें, याचें मोठें उदाहरण चीन देशांत घडलें. हिंवतापावर नवें औषध शोधण्याच्या कामांत पेकिंग येथील तू यूयू या विदुषी १९६९ पासून गुंतल्या होत्या. चिंगहाव नांवाच्या दवण्याच्या जातींतील वनस्पतीचा अर्क त्यांनीं तपासला. पण गुण कधीं येई, कधीं येत नसे. तेव्हां चौथ्या शतकांतील गे होंग या वैद्याच्या ग्रंथांत त्यांना असें आढळलें कीं, ही वनस्पति पाण्यांत भिजवून, पिळून तो रस प्यावा. उकळण्याचा तेथें उल्लेख नव्हता. उष्णतेनेंच गुण नाहींसा होत असावा, असा तर्क करून त्यांनीं पाण्याऐवजीं ईथर घेतलें. ईथर सुमारें ३५ अंशांवरच उकळतें, त्यामुळें अर्क काढतांना व सुकवितांना उष्णता वाढण्याचा प्रश्नच उरला नाहीं. १९७१ च्या ऑक्टोबरांत या अर्कानें उंदरांच्या अंगांतील हिंवतापाचे जंतु पूर्णपणें नाहींसे केले. पुढें त्यांतून आर्टेमिसिनीन हें शुद्ध द्रव्य मिळालें; त्यापासून बनविलेलीं औषधें आज जगभर हिंवतापावर दिलीं जातात, आणि तू यूयू यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वनस्पति तीच होती. फरक उष्णतेचा होता.

प्रत्येक अर्क ईथरानें काढतां येत नाहीं. तेथें पाण्यालाच कमी उष्णतेवर उकळावयास लावतात. हवेचा दाब कमी केला कीं पाणी लवकर उकळतें. पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर दाबाला तें १०० अंशांवर उकळतें, तर सुमारें ५५ मिलिमीटर दाबाला ४० अंशांवरच उकळतें. म्हणजे अंगाच्या तापापलीकडे औषधाला झळ लागत नाहीं. दुसरी रीत फवाऱ्याची. पातळ अर्काचे बारीक तुषार गरम हवेच्या झोतांत सोडतात. हवा दीडशें अंशांच्या वर तापलेली असली, तरी थेंबांतून पाणी उडत असतांना थेंब स्वतः थंड राहतो, आणि क्षणार्धांत कोरडी भुकटी खालीं पडते. तिसरी रीत गोठविण्याची. अर्काचा बर्फ करून दाब इतका उतरवितात कीं, बर्फ न वितळतां थेट वाफ होऊन जातो. ही रीत सर्वांत सौम्य, पण सर्वांत खर्चाची. फवाऱ्याच्या भुकटीचा एक गुणधर्म गृहस्थांनीं लक्षांत ठेवावा. वनस्पतींतील शर्करेमुळें ती चिकट होते, म्हणून तींत माल्टोडेक्स्ट्रिनसारखें पिष्टापासून केलेलें द्रव्य मिसळतात. हें करणें रास्त आहे. पण मग शंभर ग्रॅम भुकटी म्हणजे शंभर ग्रॅम वनस्पतीचा अर्क नव्हे, हें उघड झालें.

याच संदर्भांत गुळवेलीच्या सत्त्वाविषयीं दोन शब्द सांगतों. गुळवेलीचीं खोडें ठेंचून पाण्यांत कुसकरतात, गाळतात, आणि पाणी निवळलें म्हणजे तळाशीं बसलेला पांढरा सांका वाळवितात. तेंच गुळवेल-सत्त्व. हा सांका मुख्यतः पिष्ट असतो. गुळवेलीचा कडूपणा ज्या द्रव्यांमुळें येतो, त्यांतला बराच भाग वर निवळलेल्या पाण्याबरोबर ओतला जातो. त्याच खोडांचा काढा आटवून घन केला तर तो काळपट व अतिशय कडू होतो. एकाच वेलीपासून झालेले हे दोन पदार्थ दिसण्यांत, चवींत आणि घटकांत इतके निराळे आहेत; तरी दुकानांत दोन्ही “सत्त्व” या एकाच नांवाखालीं मिळूं शकतात. कोणता चांगला हा वाद मी येथें करीत नाहीं. दोहोंची मात्रा एक असूं शकत नाहीं, एवढेंच माझें म्हणणें आहे.

हें सगळें मोजावयाचें कसें? पहिलें मोजमाप पाण्याचें. थोडी भुकटी तोलून १०५ अंशांच्या भट्टींत ठेवावयाची आणि वजन स्थिर होईपर्यंत पुन्हां पुन्हां तोलावयाची. जितकें वजन घटलें तितका ओलावा. ओव्यासारख्या तैलयुक्त पदार्थांत मात्र या रीतीनें उडालेलें तेलहि पाण्यांतच जमा होतें, म्हणून तेथें पाणी निराळ्या यंत्रांत ऊर्ध्वपातन करून मोजतात. ओलाव्याचा हिशेब न ठेवतां काढलेले आंकडे किती फसवे असतात, हें एका उदाहरणानें दाखवितों. समजा, शंभर ग्रॅम ओल्या पानांत ऐंशीं ग्रॅम पाणी आहे व ०.२ ग्रॅम गुणकारी द्रव्य आहे. म्हणजे प्रमाण शेंकडा ०.२. तीं पानें वाळवून शेंकडा पांच ओलाव्याची एकवीस ग्रॅम भुकटी झाली, आणि तपासणींत तिच्यांत गुणकारी द्रव्य शेंकडा ०.७ निघालें. विक्रेता म्हणेल, “पहा, आमची भुकटी ओल्या पानापेक्षां साडेतीनपट जोरदार.” आंकडा खोटा नाहीं. पण एकवीस ग्रॅमांचे शेंकडा ०.७ म्हणजे सुमारें ०.१५ ग्रॅम. मुळांत ०.२ ग्रॅम होतें. म्हणजे वाळवतांना चवथाई औषध नाश पावलें! शेंकडा वाढला तो पाणी गेल्यामुळें. औषध तर घटलें. म्हणून वाळवणाची परीक्षा करावयाची तर वाळवणाआधींचा व नंतरचा, असे दोन्ही आंकडे कोरड्या वजनावर मांडले पाहिजेत. येथें आधीं शेंकडा १ होतें, नंतर ०.७४ झालें, असें मांडलें कीं सत्य लपत नाहीं.

दुसरें मोजमाप खुद्द गुणकारी द्रव्याचें. सिंकोनाच्या सालींतून १८२० सालीं पेलतिये व काव्हांतू या दोघां फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं क्विनीन वेगळें काढलें, आणि त्यानंतर सालीची किंमत तिच्या रंगरूपावरून न ठरतां तींतील क्विनीनच्या शेंकड्यावरून ठरूं लागली. डिजिटॅलिसच्या बाबतींत ही सोय बराच काळ नव्हती, कारण तींत एकमेकांसारखीं अनेक द्रव्यें मिसळलेलीं असतात. तेव्हां बेडकाच्या अंगांत अर्क टोंचून, किती मात्रेनें त्याचें हृदय थांबतें, यावरून पानाचा जोर ठरवीत. पण उन्हाळ्यांतला बेडूक आणि हिंवाळ्यांतला बेडूक सारखा नसतो. म्हणून राष्ट्रसंघाच्या विद्यमानें १९२६ सालीं डिजिटॅलिसच्या पानांची एक प्रमाणभूत भुकटी मुक्रर झाली, आणि तिच्या ०.१ ग्रॅममध्यें जितकें सामर्थ्य तितकें एक एकक, असें ठरलें. नवी भुकटी व प्रमाणभूत भुकटी एकाच वेळीं, एकाच प्रकारच्या बेडकांवर तपासावयाची. बेडूक बदलला तरी तुलना बदलत नाहीं. मोजमापाच्या शास्त्रांतलें हें तत्त्व फार मोलाचें आहे. १९३० सालीं सिडनी स्मिथ यांनीं डिजिटॅलिसच्याच दुसऱ्या एका जातीपासून डिगॉक्सिन हें शुद्ध द्रव्य काढल्यावर गोळींत मिलिग्रॅमच्या अंशांनीं मात्रा देणें शक्य झालें.

आजची मुख्य रीत वर्णलेखनाची. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं पानांचा रंगीत अर्क खडूच्या भुकटीनें भरलेल्या कांचेच्या नळींतून सोडला, तों हिरवे, पिंवळे, नारिंगी पट्टे वेगवेगळे झाले. प्रत्येक द्रव्य खडूला कमीअधिक चिकटतें, म्हणून कोणी पुढें जातें, कोणी मागें रेंगाळतें. हल्लींच्या यंत्रांत नळी बारीक असते, अर्क मोठ्या दाबानें ढकलला जातो, आणि बाहेर पडणारें द्रव्य डोळ्याऐवजीं जंबुपार किरणांनीं टिपलें जातें. कागदावर एकेक शिखर उमटतें. शुद्ध द्रव्याचें ज्ञात वजन घेऊन काढलेल्या शिखराशीं त्याची तुलना केली कीं प्रमाण कळतें. मात्र यंत्र कितीहि सुरेख असलें, तरी तें त्याच्यापुढें ठेवलेलेंच मोजतें. पानांतून द्रव्य पुरतें निघालेंच नसेल तर यंत्र काय करणार? म्हणून तोच चोथा दुसऱ्यांदां, तिसऱ्यांदां भिजवून आणखी कांहीं निघतें काय, हें पाहिल्यावांचून चांगला परीक्षक आंकडा देत नाहीं.

मोजण्यानें काय साधतें, याचें एक उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. सर्पगंधेची मुळी उन्मादावर व निद्रानाशावर आपल्याकडे फार दिवस वापरांत होती. १९३१ सालीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं तिच्यांतून अल्कलॉइड वर्गांतलीं द्रव्यें वेगळीं काढलीं, आणि एकाला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असें नांव दिलें. त्याच वर्षीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं या मुळीनें रक्ताचा दाब उतरतो, असें प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नल या पत्रांत मांडला, आणि साऱ्या जगाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. तीनच वर्षांनीं, १९५२ सालीं, बाझल येथें तिच्यांतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें झालें. रेसर्पीन मुख्यतः मुळीच्या सालींत असतें, आंतल्या काष्ठांत फार थोडें. त्याच्या द्रावणाला प्रकाश लागला तर तें बिघडतें. म्हणजे वाळवतांना मुळीची साल खरवडून गेली, किंवा औषध उघड्या उजेडांत राहिलें, तर नांव सर्पगंधेचें राहील, वजनहि भरेल, आणि रोग्याचा रक्तदाब मात्र चढाच राहील. उलट मात्रा जास्त झाली तर या औषधानें मनाला खोल खिन्नता येते, हें अनुभवानें कळून आलेलें आहे. दोन्हीकडून माणसाचेंच नुकसान.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. वनस्पतींत शेंकडों द्रव्यें असतात. त्यांतलें एक मोजून सगळ्या वनस्पतीची किंमत करणें योग्य काय? आक्षेपांत तथ्य आहे. जें द्रव्य मोजावयास सोपें तेंच गुणकारी, असें नेहमीं नसतें. शिवाय जें मोजलें जातें तेंच बाहेरून मिसळून निकृष्ट माल उत्तम म्हणून खपविण्याची युक्तीहि व्यापाऱ्यांना अवगत आहे. म्हणून चांगले परीक्षक एका शिखरावर भिस्त न ठेवतां अर्काचा सगळा आलेख तपासतात. एका दांतावरून नव्हे, तर सबंध चेहऱ्यावरून माणूस ओळखावा तसें. परंतु एक मोजमाप अपुरें आहे, यावरून मोजमापच नको असें ठरत नाहीं. आणखी मोजावें असें ठरतें.

आतां गृहस्थांच्या उपयोगाच्या चार गोष्टी. घरीं पाला वाळवावयाचा असेल तर तो स्वच्छ धुवून, पाणी निथळून, पातळ पसरावा. ढीग करूं नये. सुवासिक पाला सावलींत, वाऱ्यावर वाळवावा. पान चुरल्यावर कुरकुरलें पाहिजे. नुसतें वाकलें तर ओलावा आहे. पावसाळ्यांत वाळवणाच्या भरीस पडूं नये, कारण अर्धवट वाळलेल्या पाल्यावर बुरशी येते, आणि कांहीं बुरशींचें विष उकळूनहि जात नाहीं. कांचेच्या कोरड्या बरणींत भरून, घट्ट झांकण लावून, तीवर तारीख लिहावी आणि बरणी उजेडापासून दूर ठेवावी. विकतचा घन घेतांना “दहा भाग वनस्पतीचा एक भाग अर्क” एवढ्यावर समाधान मानूं नये. दहा भाग कसल्या वनस्पतीचे, आणि त्यांतला गुण टिकला किती, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. कोणतें द्रव्य, शेंकडा किती, कोणत्या रीतीनें मोजलें आणि भर काय घातली, हें वेष्टनावर आहे काय, तें पाहावें. नसेल तर दुकानदाराला विचारावें. विचारणारे वाढले कीं सांगणारेहि वाढतात. आणि हृदयाचीं, रक्तदाबाचीं वनस्पतिजन्य औषधें तर जाणत्या वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या सल्ल्यावांचून घरीं कधींच करूं नयेत.

वनस्पतींच्या गुणांवर ज्यांचा विश्वास आहे, त्यांना मोजमापाची भीति वाटण्याचें कारण नाहीं. सर्पगंधेचा गुण तराजूनें व नळीनें कमी केला नाहीं. तो सगळ्या जगाला पटवून दिला. ज्यांचा विश्वास नाहीं, त्यांनींहि न मोजलेल्या पुडीवरून वनस्पतीला दोष देऊं नये. दोघांच्याहि मतांचा निवाडा एकाच ठिकाणीं होण्यासारखा आहे, आणि तें ठिकाण म्हणजे नीट वाळविलेली, नीट सांठविलेली आणि नीट मोजलेली औषधि होय.